‘बुश उलटा बसवला गेला’ – कोणी बसवला?

अंबडचा क्वालिटीवाला

गेल्या आठवड्यात साहेबांनी माझा एक रिपोर्ट लाल पेनाने रंगवून परत पाठवला. गिऱ्हाइकाकडून 40 नग परत आले होते, त्यांतला बुश (आत बसणारी छोटी नळी) उलटा होता. त्याचं कारण लिहायचं होतं. मी लिहिलं: ‘असेंब्लीच्या वेळी बुश उलटा बसवला गेला. तपासणीत सदर बाब निदर्शनास आली नाही. योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.’ साहेबांचा शेरा: ‘कोणी बसवला? कोणाच्या निदर्शनास? कोण करतंय? कर्मणी काढ!’

आधी राग आला. घरी जाऊन शांतपणे वाचलं तेव्हा पटलं. तीन वाक्यं आणि एकातही माणूस नाही. जणू रात्रपाळीत बुश आपणच उठला आणि फिक्स्चरमध्ये (जोडणीच्या वेळी भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात) जाऊन बसला.

इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण अंगाशी आल्यावर 1987 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगनही ‘गंभीर चुका केल्या गेल्या’ असंच म्हणाले होते. माझं मत: कामाच्या लिखाणातून कर्मणी हद्दपार करा. बोला.

निवृत्त अव्वल कारकून, नाशिकरोड

रेगनसाहेबांनी त्याच भाषणात ‘पूर्ण जबाबदारी माझी’ असंही म्हटलं होतं. अर्धंच वाक्य उचलू नये.

मी 34 वर्षं टिपण्या लिहिल्या. ‘मान्यता देण्यात येत आहे’ म्हटलं की लोक हसतात. पण मान्यता मी देत नव्हतो, साहेबही स्वतःच्या खिशातून देत नव्हते. शासन निर्णयाच्या तळाशी बघा: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. संविधानाचं कलम 166 तेच सांगतं. कर्ता आहे, फक्त तळाला आहे. माणसं बदलून जातात, खुर्ची राहते, म्हणून आदेशाने खुर्चीच्या आवाजात बोलावं.

आणि पावसाळ्यातलं उदाहरण घ्या. ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढविण्यात येणार आहे.’ गोदाघाटावरच्या टपरीवाल्याला गेट कोणी उचललं याच्याशी काय करायचंय? किती वाजता आणि किती क्युसेक, एवढं कळलं की तो सामान उचलतो. पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागल्यावर कर्ता शोधत बसायचा का?

दिंडोरीचा बागायतदार

काका, धरणाचं पटलं. आता माझं ऐका. मागच्या हंगामात मोबाइलवर मेसेज आला: ‘आपला माल नाकारण्यात आला आहे.’ चार-पाच शब्दांत वर्षाची द्राक्षबाग आडवी.

कोणी नाकारला? लॅबने नाकारला असेल तर औषधाचा अंश सापडला, मग मी रिपोर्ट मागीन, फवारणीची वही काढीन. पॅकहाऊसने नाकारला तर मणी बारीक भरला असेल, तो माल मी लोकल मार्केटला टाकीन. आणि तिकडच्या परदेशी गिऱ्हाइकाने भाव पडला म्हणून हात वर केले असतील तर मला भांडायचंय. तीन वेगळे कर्ते, तीन वेगळे रस्ते. दोन दिवस फोन करत राहिलो. उन्हात भरलेले क्रेट कर्त्याची वाट बघत नाहीत.

मराठीची मास्तरीण, कॉलेज रोड

भांडण छान चाललंय, पण शब्द चुकतोय. साहेबांनी ‘कर्मणी काढ’ म्हटलं. समजा तू सुधारून लिहिलंस, ‘ऑपरेटरने बुश उलटा बसवला.’ तेही कर्मणीच आहे! ऑपरेटरने बुश बसवला, पिन बसवली, झाकण बसवलं. क्रियापद ऑपरेटरला विचारतही नाही, कर्माच्या मागे जातं. मराठीत सकर्मक क्रियेचा भूतकाळ बहुतेक असाच चालतो. साहेबांच्या डोक्यात इंग्रजी पॅसिव्ह आहे, आणि त्याला शाळेत आपण ‘कर्मणी’ नाव देऊन मोकळे झालो.

इंग्रजीत शब्दांच्या जागा बांधलेल्या असतात. कर्म पुढे आणायचं तर त्यांना वाक्याचा सांगाडाच फिरवावा लागतो. आपल्याला गरज नाही. ‘हा बुश रात्रपाळीने बसवला’ म्हटलं की बुश पुढे आला. कर्ता नको असेल तर गाळा: ‘बुश उलटा बसवला होता.’ मग ‘बसवला गेला’, ‘बसविण्यात आला’ ही शेपटं कशाला?

जुनं कर्मणी मात्र आपण रोज वापरतो आणि आपल्याला पत्ता नसतो. ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ ही त्याचीच उरलेली रूपं. तेव्हा हद्दपार करायला निघालात तर घरात चहासुद्धा मागता येणार नाही.

निवृत्त अव्वल कारकून, नाशिकरोड

बाई, शेपूट कापून ‘धरणातून पाणी सोडलं’ असं लिहिलं तर लोक म्हणतील, सरकारने धरणावर पाणी सोडलं!

मराठीची मास्तरीण, कॉलेज रोड

‘धरणातून’ आणि ‘धरणावर’ यातला फरक नाशिककराला कळतो, काका.

सातपूरचा लाइन लीडर

मी मशीनजवळचा माणूस, म्हणून दुसरी बाजू सांगतो. रिपोर्टात ऑपरेटरचं नाव टाकायला लागलात की पुढचा उलटा बुश तुम्हाला दिसणारच नाही. पोरगं तो गुपचूप भंगारात टाकेल नाहीतर पॅक करून पाठवेल. आमच्याकडे एकदा झालंय. नाव फळ्यावर लागलं आणि त्यानंतर महिनाभर एकाने स्वतःहून चूक सांगितली नाही.

चूक होऊच नये अशा सोयीला कारखान्यात पोका-योके सगळे म्हणतात. त्याचं आधीचं नाव बाका-योके, म्हणजे मूर्खालाही चुकता येऊ नये अशी सोय. कामगाराला मूर्ख म्हणणं बरं नव्हे म्हणून जपान्यांनी नाव बदललं. नुसत्या शब्दाने माणूस दुखावतो हे त्यांनी ओळखलं, तुम्ही सरळ नाव छापा म्हणताय.

माझा प्रश्न: तो बुश उलटा बसतोच कसा?

अंबडचा क्वालिटीवाला

हा प्रश्न मला साहेबांनीही विचारला नव्हता. आज फिक्स्चर काढून बघितलं. बुशला एका टोकाला चॅम्फर, म्हणजे तिरकी कापलेली कड आहे, पण फिक्स्चरची खोबण दोन्ही टोकांना सारखीच घेते. म्हणजे कर्ता सापडला, तो ऑपरेटर नव्हता.

नवीन मसुदा: ‘फिक्स्चरमध्ये बुश दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे रात्रपाळीत 40 नगांत तो उलटा बसला. अंतिम तपासणीत आम्ही बुशची दिशा बघत नव्हतो. टूलरूम खोबणीत अडथळा पिन बसवणार आहे. तोवर असेंब्ली थांबवली आहे.’

हद्दपारीची मागणी मागे घेतो. बागायतदार दादांना मेसेज पाठवणाऱ्यापुरती ठेवतो.

निवृत्त अव्वल कारकून, नाशिकरोड

मसुदा बरा आहे. ‘थांबवली आहे’ – कोणी?

अंबडचा क्वालिटीवाला

मी, काका. म्हणून तर आज साहेब पुन्हा बोलावतायत.