वीव्हचा भूतकाळ: वोव्ह की वीव्ह्ड?

प्रश्न
मराठीतून इंग्रजीत केलेलं एक भाषांतर तपासतेय, प्रश्न 'वीव्ह' (weave, विणणे) या क्रियापदाचा आहे. त्यात विणकराने शाल विणली तिथे 'वोव्ह' आहे, आणि मोटारसायकलवाला गाड्यांमधून वाट काढत गेला तिथे 'वीव्ह्ड'. दोन्हीकडे एकच रूप करू का? आणि लेखकाने कथेत तीन उपकथानकं गुंफली, इथे कोणतं घेऊ?

प्रतिसाद १
एकच करू नका, दोन्ही बरोबर आहेत. स्पेलिंग एक असलं तरी मुळात ही दोन वेगळी क्रियापदं. कापडाचं वीव्ह जुन्या इंग्रजीतलं, त्याची रूपं वोव्ह, वोव्हन. नागमोडी जाण्याचं वीव्ह बहुधा जुन्या नॉर्समधून (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) आलेलं, हलवणं-फडकवणं अशा अर्थाचं. त्याला साधं वीव्ह्ड लागतं. त्यामुळे अर्थ शब्दशः आहे की लाक्षणिक, यावर रूप ठरत नाही. धाग्यात धागा गुंतवायची कल्पना असेल तर वोव्ह. उपकथानकं लाक्षणिकच, पण गुंफलेली: 'ही वोव्ह थ्री सबप्लॉट्स इन्टू द स्टोरी'.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण एक पुरवणी. 'वोव्ह हिज वे थ्रू द क्राउड' हे चांगल्या संपादित इंग्रजीतही सर्रास सापडतं, ते चूक म्हणून खोडू नका. उलट दिशेने मात्र सूट घेऊ नये. 'वीव्ह्ड' कापड काही कोशांत पर्याय म्हणून असलं तरी वाचताना खडा लागतो. आणि नामाआधी विशेषण म्हणून आलं की वोव्हनच: हँडवोव्हन, इंटरवोव्हन. 'हँडवीव्ह्ड' दिसलं की बिनधास्त लाल शाई.

प्रतिसाद ३
रूपापेक्षा क्रियापदच चुकलेलं जास्त सापडतं, तेही बघून घ्या. आपलं 'विणणे' फार ऐसपैस आहे. शाल मागावरची असेल तर वीव्ह, सुयांवरची असेल तर निट, क्रोशाची असेल तर क्रोशे. स्वेटरला वीव्ह लावलं की इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे माग येतो. टोपली, चटई, बाज यांना वीव्ह चालतं. कोळ्याच्या जाळ्याला सहसा स्पिन. खोटेपणाच्या जाळ्याला स्पिन आणि वीव्ह दोन्ही.

प्रश्नकर्ती
शाल मागावरचीच आहे, म्हणजे वोव्ह राहू देते. पुढच्या पानावर 'वीव्ह्ड अ स्पेल' आहे, तेही वोव्ह ना?

प्रतिसाद १
हो. मंत्रही विणलेलाच, वोव्ह करा.