शब्दचर्चा: ‘कॉल चुकला’ नेमकं कधी म्हणायचं?

सिएटलकर
मंडळी, अमेरिकन फुटबॉलवर मराठीत बोलताना आपण सगळ्या दुखण्यांवर एकच औषध देतो: ‘कॉल चुकला’. इंटरसेप्शन झालं (फेक प्रतिस्पर्ध्याने झेलली), कॉल चुकला. सॅक झाला (क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, फेकीआधीच पाडलं), कॉल चुकला. मोकळ्या रिसीव्हरच्या (फेक झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून चेंडू गेला, तरी कॉलच चुकला. जाणकार यात फरक कसा करतात? आणि ‘ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर’ला, म्हणजे आक्रमणाच्या चाली ठरवणाऱ्या प्रशिक्षकाला, काय म्हणायचं? यांत्रिक भाषांतर ‘आक्षेपार्ह समन्वयक’ असं देतं. काही रविवारी ते पटतंही.

चौथा डाउन
‘ओसी’ म्हणा आणि मोकळे व्हा. मराठीच हवं असेल तर ‘चाली सांगणारा’ पुरे.

कॉल म्हणजे फक्त सांगितलेली चाल. एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आधीचा खेळ संपला की पुढचा सुरू करायला 40 सेकंदांचं प्ले-क्लॉक सुरू होतं. बाकावरून येणारा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये ऐकू येतो (मागे हिरवा ठिपका असतो ते हेल्मेट) आणि घड्याळात 15 सेकंद उरली की तो बंद होतो. चाल उशिरा आली तर कोंडाळं (हडल) मोडून चेंडू ठेवलेल्या रेषेवर पोचेपर्यंत घड्याळ संपतं, ‘डिले ऑफ गेम’च्या दंडाचे 5 यार्ड जातात आणि शिव्या मात्र क्वार्टरबॅकला पडतात.

दुसरं म्हणजे, बऱ्याचदा कोंडाळ्यातच दोन चाली दिलेल्या असतात. समोरची मांडणी बघून क्वार्टरबॅक ‘किल, किल’ ओरडला की पहिली रद्द, दुसरी चालू. तिथे ओसीला एकट्याला धरून चालत नाही.

रेषेवरचा
‘रीड चुकला’ (क्वार्टरबॅकला समोरचा बचाव नीट कळला नाही) याला ‘वाचन चुकलं’ म्हणू नका, शाळेतला तास वाटतो. ‘ओळखायला चुकला’ म्हणा.

ते ओळखायचं असेल तर चेंडू सोडा, क्वार्टरबॅकची पावलं बघा. सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) लगेच मागून घेतलेला पाच पावलांचा ड्रॉप (मागे सरकणं) म्हणजे शॉटगनमधला (काही यार्ड मागे उभं राहून चेंडू घेताना) साधारण तीन पावलांचा. शेवटचं पाऊल टेकलं की पहिल्या पर्यायाकडे फेक. तो झाकलेला असेल तर पुढे एक छोटा हिच (छोटी उडी) आणि नजर दुसऱ्याकडे. अजून एक हिच, तिसरा. तेही नसेल तर चेकडाउन, म्हणजे जवळच थांबलेला रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा). हे सगळं अडीच-पावणेतीन सेकंदांत उरकायचं असतं.

आता चुका. नजर पहिल्यावरच खिळली तर सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा) त्या नजरेमागे धावत येतो. दोन हिच झाले आणि फेक मात्र पहिल्याकडेच गेली, तर ती उशिराची फेक. आउट रूटवर (रिसीव्हर कडेच्या रेषेकडे वळतो तेव्हा) ही सगळ्यात महाग पडते, कारण कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला झाकणाऱ्याला) मध्ये शिरायला वेळ मिळतो आणि पुढे मैदान रिकामं असतं. हे ओसीच्या खात्यात टाकू नका.

सिएटलकर
आणि सॅक? तो तरी लाइनचा (क्वार्टरबॅकपुढे अडवणाऱ्या पाच जणांचा) दोष ना?

रेषेवरचा
अर्धा वेळ नाही. पॉकेटला, म्हणजे लाइनने क्वार्टरबॅकभोवती केलेल्या कड्याला, मी ‘तटबंदी’ म्हणतो; ‘तटबंदी फुटली’ बोलायलाही सोपं. पण टॅकल (लाइनमधला कडेचा) जी तटबंदी उभी करतो ती क्वार्टरबॅक सात-आठ यार्ड मागे असेल या हिशोबाने. तो घाबरून दहा यार्ड मागे सरकला तर बाहेरून वळसा घालून येणाऱ्या एज रशरला तो आयताच सापडतो. टॅकलने त्याला बाहेर ढकलून काम चोख केलेलं असतं, तरी पडद्यावर तोच हरलेला दिसतो. अशा वेळी क्वार्टरबॅकने मागे नाही, पुढे सरकायला हवं.

दुसरा हिशोब माणसांचा. अडवायला लाइनचे पाच आणि रनिंग बॅक धरून सहा. समोरून सात आले तर सातवा कोणाचा? क्वार्टरबॅकचा. त्याने तो स्नॅपआधी (सेंटरने चेंडू मागे देण्याआधी) हेरायचा आणि ‘हॉट’ (अशा वेळेसाठी ठरलेल्या) रिसीव्हरकडे लगेच चेंडू सोडायचा. तिथे ‘लाइनने मार खाल्ला’ म्हणणं चूक.

खानदेशी
फेकीबद्दल कोणीच बोलत नाहीये. चेंडू डोक्यावरून जातो तेव्हा लोक ‘हात वाकडा आहे’ म्हणतात. दोष बहुतेक वेळा पायात असतो.

समोरून दाब आला की क्वार्टरबॅक मागच्या पायावरूनच फेकतो, वजन पुढे येत नाही, चेंडू उंच तरंगतो. पुढचं पाऊल गरजेपेक्षा लांब पडलं तरी तेच होतं: अंग मागे राहतं, चेंडू सुटताना वरच्या दिशेने सुटतो. पुढचा पाय आत वळलेला असेल तर कंबर फिरत नाही, हात अंगावरून आडवा ओढावा लागतो आणि जोर जातो. फेकण्याआधी चेंडू थापटायची सवयही वाईट, कारण कॉर्नरबॅक त्या थापेची वाटच बघत असतो.

हाताचा खरा दोष म्हणजे लांब वळसा. टिम टेबो या क्वार्टरबॅकचं उदाहरण प्रसिद्ध आहे: चेंडू कमरेजवळ खाली नेऊन मग वर आणायचा. त्यात वेळ जातो आणि मागून आलेल्याला चेंडू आयता ठोकता येतो. उलट पॅट्रिक महोम्स आडव्या हाताने फेकतो तेव्हा ते ‘चुकीचं तंत्र’ नाही. हात खाली असला तरी सुटका झटपट आहे आणि कंबर पूर्ण फिरते. वडील बेसबॉलचे पिचर, स्वतःही बेसबॉल खेळलेला. दिसायला वेगळं आणि चुकीचं यात गल्लत नको.

चौथा डाउन
प्ले-ॲक्शनला काय म्हणता?

खानदेशी
धाव दाखवून पास टाकायचा, म्हणून ‘धावेची हूल’. खो-खो, कबड्डीवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. हूल कोणाला द्यायची हे महत्त्वाचं: लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या फळीतल्याला). तो धाव समजून दोन पावलं पुढे आला की त्याच्या मागे, दहा-पंधरा यार्डांवर, मोकळी जागा तयार होते. क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकच्या पोटापर्यंत नेलाच नाही, नुसता हात हलवला, तर कोणी फसत नाही. मग ‘प्ले-ॲक्शनचा कॉल चुकला’ म्हणतात. कॉल बरोबर होता, हूल आळशी होती.

‘आधी धाव जमली पाहिजे, तरच हूल चालते’ हे समालोचकांचं आवडतं वाक्य. आकडे तपासणाऱ्यांना त्यात फारसं तथ्य आढळलेलं नाही. लाइनबॅकर धावेच्या आकड्यांवर नाही, समोरच्या लाइनमनच्या पहिल्या हालचालीवर पाऊल टाकतो.

सिएटलकर
मग आमच्या, सीहॉक्सवाल्यांच्या, जखमेवर बोला. 1 फेब्रुवारी 2015, सुपर बोल 49 (एनएफएलची अंतिम लढत). पेट्रियट्स 28, सीहॉक्स 24. गोलरेषेला एक यार्ड उरलेला, आमचा रनिंग बॅक मार्शॉन लिंच मागे उभा आणि पास, तोही इंटरसेप्ट! हा तरी ‘कॉल चुकला’च ना?

चौथा डाउन
इथे शब्द जपून वापरायला हवेत, कारण एका खेळात चार गोष्टी झाल्या.

आधी घड्याळ. दुसरा डाउन (चार प्रयत्नांतला दुसरा), 26 सेकंद, एकच टाइमआउट. लिंचला दिलं आणि अडला तर टाइमआउट गेला. तिसऱ्यालाही धाव आणि तीही अडली तर घड्याळ पळत राहतं, चौथ्या डाउनला धावपळ. उरलेले तिन्ही डाउन निवांत वापरायचे तर त्यातला एक पास हवाच, कारण अपूर्ण पासवर घड्याळ थांबतं. तो दुसऱ्याच डाउनला टाकला. पास टाकणं ही चूक नव्हती.

रेषेवरचा
पण *कोणता* पास, हा कॉलचाच भाग. गर्दीच्या मध्यभागात स्लँट (तिरकं आत शिरणाऱ्याला फेक)! कोपऱ्यात उंच फेक टाकली असती तर एक तर आपला माणूस झेलतो नाहीतर चेंडू बाहेर. सीहॉक्सचे ओसी डॅरेल बेव्हेल यांच्या कॉलला मी तिथे चूक म्हणेन.

चौथा डाउन
मान्य, तेवढ्यापुरतं. आता बाकीच्या तीन. सीहॉक्सचे दोन रिसीव्हर: जर्मेन कर्सने पुढे उभं राहून वाट अडवायची, रिकार्डो लॉकेटने त्याच्या मागून आत शिरायचं, अशी चाल होती. पेट्रियट्सच्या ब्रँडन ब्राउनरने कर्सला रेषेवरच धरून ठेवलं, त्यामुळे त्याच्या साथीदाराला, माल्कम बटलरला, वाट मोकळी मिळाली. हे अंमलबजावणीचं अपयश. क्वार्टरबॅक रसेल विल्सनची फेक लॉकेटच्या अंगापुढे गेली. ती खाली, अंगालगत हवी होती. हा फेकीचा दोष. आणि बटलरने मांडणी आधीच ओळखली होती, ते त्याचं श्रेय. सगळ्याला ‘कॉल’ म्हटलं की बटलर गोष्टीतूनच गायब होतो.

खानदेशी
‘कॉल चुकला’ निखालस म्हणायचं असेल तर 2017 चा सुपर बोल घ्या. अटलांटा 28-20 ने पुढे, पाचपेक्षा कमी मिनिटं उरलेली, चेंडू पेट्रियट्सच्या 22 यार्डवर. तिथून फील्ड गोल (चेंडू खांबांमधून लाथाडणं) साधारण 40 यार्डांचा. तीनदा धाव, घड्याळ खा, तीन गुण घ्या, 31-20. एक धाव झाली, एक यार्ड गेला. मग पास सांगितला, पेट्रियट्सच्या ट्रे फ्लॉवर्सने अटलांटाचा क्वार्टरबॅक मॅट रायनला 12 यार्ड मागे पाडलं, पुढे होल्डिंगच्या (बेकायदा धरण्याच्या) दंडाचे 10 गेले, शेवटी पंट (लाथेने चेंडू देऊन टाकणं).

सिएटलकर
तिथे रायनने चेंडू टाकून द्यायला हवा होता, असंही म्हणतात.

रेषेवरचा
‘टाकून देणे’ हा नेमका शब्द, पण नियम बघा. तटबंदीच्या आत असताना जवळपास आपला रिसीव्हर नसेल आणि सॅक टाळायला चेंडू कुठेही भिरकावला तर ‘ग्राउंडिंग’: 10 यार्ड आणि डाउनही जातो. त्याहून मागून फेकला असेल तर चेंडू तिथेच धरतात. टॅकलच्या मूळ जागेबाहेर पळत गेला तर मात्र चेंडू रेषेपर्यंत पोचला की झालं. रायन आतच होता. टाकायचाच तर रनिंग बॅकच्या पायाशी.