आई-बाबांचा यूकेचा व्हिजिटर व्हिसा रिजेक्ट झालाय, अपील कुठे करायचं? मदत हवी आहे

धायरीचा_धाकटा:
नमस्कार मंडळी. इथे बरेच जण परदेशात जाऊन-येऊन असतात म्हणून विचारतोय. माझी मोठी बहीण आणि जिजाजी यूकेला असतात, दोघंही स्किल्ड वर्कर व्हिसावर. ताईची पहिली वेळ आहे, दोन महिन्यांनी तारीख आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, पण तिला इतकी रजा टाकून येणं शक्य नाही आणि डॉक्टरपण आता प्रवास नको म्हणतात, म्हणून माहेरच तिकडे न्यायचं असं ठरलं. आई-बाबांचे सहा महिन्यांचे स्टॅंडर्ड व्हिजिटरचे अर्ज केले, इथे पुण्यातच सेंटरला जाऊन बोटांचे ठसे-फोटो दिले, आणि मागच्या बुधवारी दोन्ही पासपोर्ट परत आले. नुसतेच.

बाबांनी जेवणाच्या टेबलावर कात्रीने पाकीट नीट कडेने कापलं (ते काहीच फाडत नाहीत), पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून परत पाकिटात ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेत, पेन्शन ४१ हजार आहे, गावाकडे शेती आहे, धायरीत स्वतःचा फ्लॅट आहे ज्यात आम्ही सगळे एकत्र राहतो. संध्याकाळी एवढंच म्हणाले, ह्या वयात मी तिकडे पळून जाऊन काय भांडी घासणारे का.

कारणं काहीही फालतू दिलीत. ज्या एजंटकडून फॉर्म भरला तो म्हणतो अपील करू, ३५ हजार लागतील, शंभर टक्के होतं. माझा प्रश्न एवढाच, अपील कुठे करायचं, आपलं आपल्याला करता येतं का, आणि दोन महिन्यांत निकाल लागतो का? आई रोज विचारते, डिंक आणून ठेवलाय, लाडू वळायला घेऊ का नको. काय सांगू कळत नाहीये.

कोथरूडची_मावशी:
अरेरे, वाईट वाटलं वाचून. पण अपील होतं हो. माझ्या सासूबाईंचा २०१० साली असाच नाकारला होता, दिरांनी तिकडून अपील केलं आणि आम्ही जिंकलो. वेळ लागला, सात-आठ महिने गेले असतील, पण मिळाला. सोडू नका.

रेडिंगवाली:
मावशी, तेव्हा होतं, आता नाही. फॅमिली व्हिजिटरचा अपिलाचा हक्क २५ जून २०१३ पासून काढून टाकलाय. आता फक्त मानवी हक्कांच्या मुद्द्यावर अपील शिल्लक आहे, आणि मोठी लग्न झालेली मुलगी नि तिचे आई-बाबा ह्या नात्यात ते टिकवणं महाकठीण. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे त्याच खात्याने निर्णय परत तपासायचा, असा प्रकार असतो तोही व्हिजिटरला नाही. पत्राच्या शेवटी हे लिहिलेलं असतं, धाकटे भाऊ जरा बघा.

तेव्हा तो ३५ हजारवाला नक्की कशाचं अपील करणार आहे ते त्याच्याकडून लेखी मागा, म्हणजे बघा कसा फोन उचलायचा बंद होतो.

निवांत_पेन्शनर:
शंभर टक्के होतं म्हणणारा माणूस दिसला की आपण चप्पल घालून निघावं, मग तो व्हिसावाला असो की प्लॉटवाला.

धायरीचा_धाकटा:
बघितलं. शेवटच्या पानावर आहे तसं, अपीलही नाही आणि रिव्ह्यूही नाही. एजंटने हे पत्र वाचलेलंच नाही बहुतेक. मग आता काय, एवढा मोठा देश आणि चुकीचा निर्णय दिला तर दाद मागायला जागाच नाही?

सदाशिव_वकील_नव्हे:
जागा आहे, ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणतात. व्हिसाच्या केसेस तिथे अपर ट्रिब्युनल नावाच्या न्यायाधिकरणाकडे जातात. पण ते अपील नाही हे डोक्यात पक्कं करा. तिथले जज तुमचे बाबा चांगले की वाईट, परत येणार की नाही हे बघत नाहीत, अधिकाऱ्याने निर्णय कायद्याला धरून घेतला का, समोर असलेला कागद न वाचता घेतला का, एवढंच बघतात. जिंकलात तरी व्हिसा हातात येत नाही, बहुतेक वेळा फाईल परत त्यांच्याकडेच नव्याने बघायला जाते आणि ते वेगळं कारण देऊन परत नाही म्हणू शकतात. मुदत निर्णयापासून जास्तीत जास्त तीन महिने, तीसुद्धा लवकरात लवकर या अटीवर. त्याआधी प्री-ॲक्शन लेटर म्हणून एक पत्र पाठवायचं असतं, उत्तराला साधारण १४ दिवस देतात, आणि चूक ढळढळीत असेल तर कधीकधी त्या पत्रावरच ते निर्णय मागे घेऊन पुन्हा बघायला तयार होतात. पुढे कोर्टात गेलात तर तिकडच्या वकिलाची फी पौंडात, बाळाचं बारसं होऊन जाईल.

(नावावरून गैरसमज नको, मी वकील नाही, भावाच्या केसमध्ये हे सगळं वाचावं लागलं.)

रेडिंगवाली:
अगदी बरोबर. म्हणून आधी चूक कोणाची ते ठरवा. 'फालतू कारणं' म्हणालात ती शब्दशः काय आहेत? नावं, नंबर खोडून टाका इथे. आणि ताईंनी जे बोलावण्याचं पत्र दिलं त्यात काय लिहिलं होतं तेही टाका, बऱ्याचदा गोम तिथे असते.

धायरीचा_धाकटा:
सॉरी, काल ऑफिसमधून यायला उशीर झाला. सिंहगड रोडला संध्याकाळी काय अवस्था असते माहितीये सगळ्यांना.

पत्र इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो. एक, तुमचं उत्पन्न महिना ४१,००० पण खात्यात अर्जाच्या ११ दिवस आधी ६,८०,००० जमा झालेत, ते कुठून आले याचा पुरावा नाही, त्यामुळे हे पैसे खरंच तुमच्या वापरायचे आहेत असं मला वाटत नाही. दोन, शेतीचा म्हणून जो कागद दिलाय त्याचं भाषांतर नाही त्यामुळे तो विचारात घेता आला नाही. तीन, तुम्ही सहा महिने राहणार आणि त्या काळात बाळाला सांभाळणार असं पत्रात आहे, तुमची परिस्थिती बघता तुम्ही नुसते भेटायला येताय आणि परत जाल याची खात्री वाटत नाही. आणि मग त्यांच्या व्हिजिटरच्या नियमांचे आकडे, परिशिष्ट व्ही, ४.२ चे ए, सी आणि ई. आईचं पत्र तसंच, फक्त उत्पन्न नाही असं जास्तीचं.

पैशाचं म्हणाल तर ती बाबांचीच एफडी आहे हो! एजंट म्हणाला बॅलन्स तगडा दिसला पाहिजे, म्हणून मोडून सेव्हिंगला टाकली. व्याजाचं नुकसान झालं ते वेगळंच.

ताईच्या पत्रात होतं की माझी मॅटर्निटी लीव्ह संपवून मी लवकर कामावर रुजू होणार आहे आणि त्यानंतर आई-बाबा बाळाला घरी सांभाळतील, त्यामुळे आमचा पाळणाघराचा खर्च वाचेल. तिने प्रामाणिकपणे लिहिलं बिचारीने.

रेडिंगवाली:
हं. सापडलं.

अहो दादा, आजीने नातवाला मांडीवर घेतलं, तेल लावलं, रात्री जागली म्हणून कोणी काही म्हणत नाही, ते भेटीत आलंच. पण 'मी कामावर जाणार, हे सांभाळणार, पाळणाघराचे पैसे वाचणार' हे वाचणाऱ्याला बिनपगारी आया आणल्यासारखं दिसतं, आणि व्हिजिटरला काम करायची परवानगी नसते. त्यातून मुक्काम पूर्ण सहा महिने. माझ्या आईच्या वेळेला मी फक्त, बाळंतपणात सोबतीला आणि नातवाला बघायला येतेय, अमुक आठवडे, एवढंच लिहिलं होतं आणि खरंही तेवढंच होतं.

मीठभाकरी:
आणि एफडी मोडली त्याचा कागद लावला का? बँक क्लोजरची ॲडव्हाइस देते, त्यावर एफडीचा नंबर, रक्कम, कोणत्या खात्यात वळती केली सगळं असतं. तो एक कागद लावला असता तर पहिला मुद्दा उभाच राहिला नसता. खरं तर मोडायचीच गरज नव्हती, एफडीची पावती तशीच लावायची. हे 'बॅलन्स दाखवा' प्रकरण सगळ्यात घातक, पेन्शनवाल्या माणसाच्या खात्यात एकदम सहा-सात लाख आले की कोणालाही वाटणार उसने आणलेत, चार दिवस ठेवतील आणि परत देतील.

सदाशिव_वकील_नव्हे:
आता प्री-ॲक्शनचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळालं असेल. अधिकाऱ्यासमोर कागद असता आणि त्याने तो बघितला नसता तर भांडायला अर्थ होता. कागद दिलाच नाही म्हटल्यावर कोर्ट काय करणार. नवीन अर्ज करा. थांबायची सक्ती नाही, उद्यासुद्धा करता येतो, फी मात्र दोघांची परत भरावी लागेल आणि ठसेही परत द्यावे लागतील. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. प्रायॉरिटीचे पैसे भरलेत तर उत्तर लवकर येतं, होकारार्थी येतं असं नाही.

निवांत_पेन्शनर:
अमेरिकेचं तर याहून सरळ आहे, २१४ बी म्हणजे त्यांच्या कायद्याचं कलम, ते लिहिलेला कागद खिडकीतून देतात, अपील नाही, परत फी भरा परत रांगेत या. कॅनडाला फेडरल कोर्टात जायला बाहेरून केलेल्या अर्जाला ६० दिवस असतात. मुलं तीन देशांत असल्याने माझा अभ्यास झालाय, दुसरं काय करणार दिवसभर.

बाबांना सांगा परत यायचं कारण म्हणून नोव्हेंबरचा हयातीचा दाखला लिहा. :) गंमत केली, तो आता ऑनलाइनही देता येतो. पण पेन्शनची ऑर्डर आणि दरमहा जमा होते ते खातं नीट दाखवा, चांगला पुरावा आहे तो. आधी कुठे परदेशी जाऊन वेळेत परत आले असतील तर तेही दाखवा.

धायरीचा_धाकटा:
२०१८ ला दोघं टूरबरोबर दुबईला गेले होते सहा दिवस. जुन्या पासपोर्टवर शिक्के आहेत, तो पासपोर्ट एजंटने लावलाच नव्हता, म्हणाला जुना कशाला.

एक विचारू का, सहाऐवजी दोन महिने लिहिले तर लगेच मिळेल का? आणि एजंट आता म्हणतोय की आधीच्या नकाराचं लिहूच नका, नवीन पासपोर्ट नंबर टाकला की कळत नाही.

रेडिंगवाली:
बाप रे. त्या माणसाला फाईलला हातसुद्धा लावू देऊ नका!!

ठसे घेतलेत त्यांनी, पासपोर्ट नंबर बदलला तरी कळतंच. आणि फॉर्ममध्ये आधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारलाय का हा सरळ प्रश्न आहे, तिथे खोटं लिहिलं आणि पकडलं तर फसवणूक धरून दहा वर्षं अर्ज नाकारतात. आत्ताचा नकार हा काही डाग नाही, खोटं मात्र डाग आहे. 'होय' लिहायचं, तारीख आणि जीडब्ल्यूएफ नंबर (म्हणजे आधीच्या अर्जाचा नंबर) द्यायचा, आणि वेगळ्या पत्रात त्यांच्या तीन मुद्द्यांना तीन उत्तरं द्यायची, ह्या मुद्द्याचा पुरावा अमुक पानावर, असं.

दोन महिन्यांचं म्हणाल तर खरंच तेवढंच राहायचं असेल तरच लिहा. नुसता आकडा बदलला तर तेही त्यांना दिसतं, आधी सहा म्हणत होते आता दोन कसे. का बदललं ते सांगा. घरात बसून ठरवा आधी.

कोथरूडची_मावशी:
ताईंना म्हणावं तिकडच्या खासदाराला पण लिहून बघ, मतदार नसली तरी रहिवासी म्हणून ऐकून घेतात म्हणे.

रेडिंगवाली:
लिहू दे मावशी, नुकसान नाही, पण त्याने निर्णय फिरतो अशी आशा नको. फार तर चौकशीचं उत्तर येतं.

धायरीचा_धाकटा:
अपडेट देतो. रविवारी सगळे बसलो, ताई व्हिडिओ कॉलवर. मी हे सगळं प्रिंट काढून बाबांना वाचायला दिलं. बाबा गणिताचे मास्तर, त्यांनी रिजेक्शनचं पत्र परत काढलं आणि लाल पेनने खुणा करत बसले, मला वाटलं चिडलेत. तर म्हणाले, बरोबर आहे याचं, उत्तर बरोबर आहे आपलं पण पायऱ्याच लिहिल्या नाहीत, मी तरी कुठे मार्क दिले असते. त्यानंतर जेवले नीट, आठवड्यात पहिल्यांदा.

मुक्कामाचं असं ठरलं की आठ आठवडे. सहा महिने हे मुळात एजंटचं, व्हिसा सहाचा असतो तर सहाच लिहा म्हणून. बाबांना तिकडच्या थंडीत तसंही राहायचं नाहीये आणि रब्बीचं वाट्याने दिलेलं असलं तरी ते स्वतः गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ताईने जिजाजींची रजा आणि पुढे पाळणाघरात नाव घातल्याची पावती असं दोन्ही द्यायचं ठरवलंय, खरंच घातलंय नाव. आई थोडी नाराज आहे, आठ आठवड्यांत काय होतं म्हणते, सव्वा महिना तर नुसता बाळंतिणीचाच.

बँकेतून एफडी क्लोजरचा कागद मिळाला, मॅनेजर बाई चांगल्या होत्या, शिक्का-सहीसकट दिला. पेन्शन ऑर्डर, दुबईचे शिक्के, फ्लॅटचे पेपर झाले. बाबांनी कव्हर लेटर स्वतः लिहिलंय हाताने, मी टाइप करतोय. 'आधी नाकारलाय का' ला होय टिक त्यांनीच केली माझ्याकडून माऊस घेऊन. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आजच टिळक रोडवरून करून आणलं. गुरुवारची अपॉइंटमेंट आहे. एजंटचे ३५ हजार वाचले, त्यातून दोघांची फी निघतीये.

मीठभाकरी:
भारी. बाबांना नमस्कार सांगा. भाषांतरावर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, संपर्काचा पत्ता आणि हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे असं वाक्य, एवढं सगळं आहे ना? नाहीतर परत तेच व्हायचं.

धायरीचा_धाकटा:
नाव आहे, शिक्का आहे, सही आहे, वाक्य पण आहे… तारीख नाहीये! थांबा, दुकान साडेआठला बंद होतं, निघतो.