मदत हवी आहे: तालमीत हशा, स्टेजवर शांतता

नमस्कार मंडळी. इंदूरला आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी आम्ही एक छोटं प्रहसन बसवतो. यंदा त्यात हशाची एक जागा होती. मुलीचे वडील विचारतात, "मुलगा करतो काय?" मामा म्हणतात, "रोज सराफ्यात असतो!" वडील खूश. मग मामा, "रात्री, भुट्ट्याचा कीस खायला." (बाहेरच्यांसाठी: आमचा सराफा दिवसा सोन्याचा, रात्री खाण्याचा.)

तालमीत लोक लोळले. प्रयोगात? एक खोकला, बस. मला वाटतं, मामांनी दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली. वडिलांना हुरळून जायला वेळच मिळाला नाही, तर प्रेक्षक फसणार कसे? शिवाय 'कीस' म्हणायच्या आधी मामा स्वतःच फिसकन हसले. नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ (स्वतः हसणं) आणि परस्थ (दुसऱ्याला हसवणं) असे दोन प्रकार सांगितलेत. आमचे मामा पहिल्यातच अडकलेत!

तर, मधला थांबा किती ठेवायचा? त्या वेळी लोकांनी कुणाकडे बघावं, मामांकडे की वडिलांच्या चेहऱ्याकडे? आणि हशा आलाच, तर पुढचं वाक्य तो पूर्ण विरल्यावर घ्यायचं की उतरणीला लागताच? मामा बदलायचा सल्ला कृपया नको, ते सख्खे आहेत.