उरलेले फटाके तंबाखूच्या वखारीत ठेवले तर चालतील का?

निपाणीचा_नाना
मंडळाचा दिवाळी स्टॉल उठला, ३० एक खोकी माल उरलाय. भुईनळे, भुईचक्रं, फुलबाज्या, बाण आणि थोडे सुतळी बॉम्ब. एका सभासदाची तंबाखूची जुनी वखार मोकळी आहे. दगडी भिंती, वर पत्रा, मागच्या अंगाला भाडेकरू राहतात. पुढच्या दिवाळीपर्यंत तिथं टाकावं असं चाललंय.
मागच्या सालचा माल यंदा काढला तेव्हा तीन तक्रारी आल्या. भुईनळा उडायच्या जागी फुटला, फुलबाज्या पेटेनात, बाण आडवे गेले. दोन दिवस गच्चीवर ऊन दिलं की सगळं ठीक होतं, असं एकजण छातीठोक सांगतोय. शिवकाशीच्या शेडवर काम केलेलं कुणी असेल तर सांगा की ओ, आत नेमकं काय बिघडतं?

शेड_नं_७
नाना, ऊन अजिबात देऊ नका. ओल्या मालापेक्षा ओला होऊन वाळलेला माल वाईट.

भुईनळ्याचं बघा. कागदी नळकांडं, बुडाला मातीचा गट्टू, त्यावर दाबून भरलेला मसाला, तोंडाला बारीक भोक. मसाला वरून खाली थराथरानं जळला तरच झाड उभं राहतं. पावसाळ्यात ओल शिरली की मसाल्यातलं नायट्रेट थोडं विरघळतं, आणि वाळताना त्याचे वेगळे खडे धरतात. मसाला आकसतो, नळीच्या कडेनं सुटतो, मधे भेगा पडतात. पेटवल्यावर ज्वाला त्या भेगांत शिरते, एका थराच्या जागी बराचसा मसाला एकदम पेटतो. तेवढा वायू बारीक भोकातून बाहेर पडू शकत नाही, मग नळी फाटते किंवा बुडाचा गट्टू सुटतो. खोकं आदळलं तरी हेच होतं, ओल लागलीच पाहिजे असं नाही.

ओळखायचं कसं? नळा हातात घेऊन हळूच आडवा करा. आत काही सरकल्यासारखं वाटलं, बुडाची माती बोटाला लागली किंवा खोक्याच्या तळाशी करडी चंदेरी पूड दिसली, तर तो नळा बाद. कानाशी धरून खडखडवत बसू नका.

फुलबाजी म्हणजे लोखंडी तारेवर मसाल्याच्या लगद्याचे एकावर एक थर. ठिणग्या येतात त्या पोलादाच्या किसाच्या. किसाला गंज चढला की ठिणगी मरते, आणि तारेला गंज चढला की थर पापुद्र्यानं सुटतो. तार किंचित वाकवून बघा, पापुद्रा गळला तर ती पेटवण्याच्या लायकीची नाही. जळता तुकडा तुटून पोराच्या पायावर पडतो.

बाणाचं गणित काडीत आहे. काडी लावलेला बाण बोटावर तोलला तर तोल नळीच्या शेपटाच्या जरा मागं, काडीवर यायला हवा. खोकी रचताना काडी मोडते, मग कुणीतरी झाडूची काडी बांधतो. ती हलकी पडते, तोल पुढं सरकतो आणि बाण समोरच्या गॅलरीत. काडी मोडली की तो बाण लावायचा नाही.

खानापूर_स्टेशन
@शेड_नं_७ मसाला म्हणताय, पण तिकडं तमिळमध्ये त्याला ‘मरुंदु’ म्हणतात ना? म्हणजे औषध.

शेड_नं_७
हो, मरुंदुच. आपल्या दवा-दारूतली दारूही तीच की.

बॉक्साइट_रोड
आधी कायद्याचं बघा नाना. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचा तात्पुरता परवाना सणापुरता आणि त्याच जागेपुरता असतो. मुदत संपल्यावर ३० खोकी वखारीत ठेवणं म्हणजे विनापरवाना साठा. ज्या होलसेलवाल्याकडून माल घेतला त्याच्याकडं परवान्याचं गोडाऊन असतं, सीलबंद खोकी तिथं परत द्या. पैसे कापून घेईल, घेऊ दे. पुढच्या वेळी खरेदीच्या बिलावरच ‘उरलेला माल परत’ असं लिहून घ्या.

आणि तंबाखूची वखार! गोण्या, सुतळी, बारदान, कोपऱ्या-कोपऱ्यात तंबाखूची धूळ, दारात बसून बिडी ओढणारे हमाल, मागं राहती माणसं. यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडायची नाही. बेंगळुरूजवळ अत्तिबेलेला ७ ऑक्टोबर २०२३ ला गाडीतून फटाक्यांचा माल उतरवताना आग लागली आणि डझनावर माणसं गेली. ते तर दुकान-गोडाऊनच होतं, आणि तरी हे झालं.

निपाणीचा_नाना
परत द्यायचं बोलतो. पण निम्मी खोकी फोडलेली आहेत, ती घेणार नाही. आणि दोन खोक्यांना गोठ्यासारखा उग्र वास येतोय, तो कशाचा?

शेड_नं_७
तो वास अमोनियाचा असणार. ती दोन खोकी पहिल्यांदा बाहेर काढा. आजच.

अ‍ॅल्युमिनियमची पूड, नायट्रेट आणि ओल एकत्र आली की आतल्या आत रासायनिक क्रिया सुरू होते. अमोनिया सुटतो आणि मसाला तापत जातो. ढिगाच्या मधे असेल तर उष्णता बाहेर पडत नाही, आणि कुणी काडी न लावता पेट घेतो. हे दाबायला कारखान्यात ओल्या मसाल्यात थोडं बोरिक अ‍ॅसिड घालतात, पण पावसाळाभर ओल खाल्लेल्या मालाला ते पुरेल असं धरून चालू नका. भिजवलेला मसाला रात्रभर साठवत नाहीत, त्याचंही कारण हेच.

खोकं ओढू नका, उचला. कटर, स्क्रू-ड्रायव्हर लावून उघडू नका, चिकटपट्टी हातानं सोडवा. अंगात सुती कपडे. शेडच्या दारात तांब्याची पट्टी जमिनीत पुरून ठेवलेली असते, आत जाताना तिला हात लावूनच जायचं, अंगावरची स्थिर वीज उतरते. तुमच्याकडं पट्टी नसेल, तर निदान टेरिलीनचा शर्ट आणि नायलॉनचं जॅकेट घरी ठेवा. मोबाईल लांब. आणि एका वेळी दोघंच. भरणीच्या शेडमध्ये चारच्या वर माणसं बसवत नाहीत, दारं समोरासमोर आणि बाहेर उघडणारी. गर्दी नसली तर निसटायला वाट राहते.

हिंडलगा_कट्टा
मग ती टाकायची कुठं? विहिरीत?

शेड_नं_७
विहिरीत नको, पाणी खराब होतं. पाच-दहा नग असतील तर उघड्यावर मोठ्या बादलीत भरपूर पाणी घेऊन पूर्ण बुडवा आणि दोन दिवस तसेच ठेवा. झाकण लावायचं नाही, ओल्या अ‍ॅल्युमिनियममधून हायड्रोजन सुटतो. नुसतं पाणी शिंपडणं तर सगळ्यात वाईट, अर्धवट ओल म्हणजे वर सांगितलेलीच गोष्ट. खोक्यांच्या हिशेबात माल असेल तर स्वतः काही करू नका. अग्निशमनला फोन करा आणि वास येतोय हे आधी सांगा. शेकोटीत टाकायचा विचारही नको.

बॉक्साइट_रोड
सुतळी बॉम्बचे डबे आणि माळांबद्दल. आवाजाची मर्यादा ४ मीटरवर १२५ डेसिबल. माळेला आणखी कमी, नगांच्या संख्येच्या लॉगला ५ नं गुणून तेवढं वजा करायचं. १०० चा लॉग २, म्हणून १०० च्या माळेला १० वजा, म्हणजे ११५. पण हा हिशेब आता माहितीपुरताच. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला माळा बंद केल्या, बेरियमही बंद. जुन्या फुलबाज्यांत बेरियम नायट्रेट असायचं, म्हणून जुना माल ठेवून पुढच्या वर्षी विकणं तसंही अंगाशी येणार. नवीन घेताना खोक्यावर नागपूरच्या नीरीचं (पर्यावरण संशोधन संस्थेचं) ग्रीन फटाक्याचं चिन्ह आणि क्यूआर कोड बघा. ग्रीन म्हणजे धूर कमी, पेटायला तो तितकाच तयार. सांभाळायचे नियम तेच.

कागलहून स्वस्त मिळतो म्हणून एसटीतून किंवा आपल्या वायव्य कर्नाटकच्या बसमधून पिशवीत आणणारे आहेत. ते बंद करा. बसला मनाई आहे, रेल्वेलाही.

निपाणीचा_नाना
कळलं. वखारीचा विषय बंद. मग पुढच्या वर्षी मैदानावर स्टॉल मांडताना काय बघायचं, तेवढं सांगा.

बॉक्साइट_रोड
शेड पत्र्याचं. कापडी मांडव आणि हिरवी जाळी नको, परवानगी अडते ती बहुतेक वेळा इथंच. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर, शेड समोरासमोर तोंड करून नाहीत, घरं-शाळांपासून ५० मीटर, एका ठिकाणी ५० च्या वर दुकानं नाहीत. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के. लोंबता बल्ब दिसला की तपासणीला आलेला माणूस तिथंच थांबतो. प्रत्येक रांगेला एक मेन स्विच. आणि ‘दाखवा की वाजवून’ म्हणणारं गिऱ्हाईक आलं तर ५० मीटरच्या बाहेर पाठवा.

शेड_नं_७
बाणासाठी एक. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली वापरू नका, ती हलकी असते, वात पेटताना कलंडते. हातभर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप अर्धा जमिनीत उभा गाडा. काडी आत सैल खाली गेली पाहिजे. अडकली तर बाण जागेवरच फुटतो.