घरातल्या जुन्या वस्तू न काढता हॉल देखणा कसा करावा? मदत हवी आहे (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मंगळवार पेठेत आमचं जुनं, विटांचं घर आहे, आम्ही खालच्या मजल्यावर राहतो. लेकीची सुपारी फोडायचा कार्यक्रम दोन महिन्यांनी घरीच करायचा ठरलाय. पाहुणे पुण्याचे. त्याआधी हॉल जरा नीट करावा असं फार मनात आहे, पण कुठून सुरुवात करावी कळेना झालंय.

हॉल चौदा बाय अकरा फुटांचा. एका भिंतीला काचेचं शोकेस आहे. त्यात मामंजींची मेडलं, ढाली, एक चांदीचा पत्रा चढवलेली गदा, मुलांचे शाळेतले कप, यात्रेतून आणलेल्या मूर्ती, प्लास्टिकची फुलं असं सगळं एकत्र. सोफ्याच्या वर नऊ फोटो आहेत, नऊही वेगवेगळ्या फ्रेममध्ये, आणि जसजसे आले तसतसे जिथं खिळा बसला तिथं टांगलेले. कोपऱ्यात आजेसासूबाईंचं तांब्याचं घंगाळ. एकेक वस्तू हातात घेतली तर जीव लावावी अशी, पण सगळं मिळून अडगळ वाटते.

मागच्या महिन्यात एका इंटिरियरवाल्यांना बोलावलं होतं. त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं की हे सगळं काढा, भिंतीला संगमरवरासारखं दिसणारं पीव्हीसी पॅनेल लावू, खाली पट्टी लाइट, मोठा टीव्ही. मामंजी तिथंच खुर्चीत बसले होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तर शोकेसमध्ये गदा नव्हती. त्यांनी ती धोतरात गुंडाळून स्वतःच्या पलंगाखाली ठेवली होती.

मामंजी ७८ वर्षांचे आहेत. तरुणपणी तालमीत राहून कुस्ती केली, खासबागेच्या कुस्ती मैदानात लढले. मला ती गदा पलंगाखाली नको आहे. पाहुणे आले की पहिली नजर तिच्यावर पडावी, आणि तरीही घर आजच्या काळातलं, टापटीप दिसावं, असं काही जमेल का? खर्च चाळीस हजारांच्या आत बसवायचाय. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तेही सांगून ठेवते.

*

सुतारपक्षी : ताई, पॅनेलचं मनातून काढून टाका. ओल असलेल्या भिंतीवर पॅनेल ठोकलं की ओल दिसायची बंद होते, थांबत नाही. मागं बुरशी धरते आणि दोन पावसाळ्यांत वास सुटतो. आधी बाहेरून बघा, पागोळीचं पाणी भिंतीवर पडतंय का, पाइप गळतोय का, गिलाव्याला भेगा आहेत का. ते दुरुस्त करून भिंत पूर्ण वाळल्याशिवाय आतून रंग लावू नका, नाहीतर खार फुटून पोपडे निघणारच. त्या भिंतीवर फोटो तर अजिबात नको.

गदेचं वजन करा. जुन्या घराचा गिलावा भुसभुशीत असतो, नुसता खिळा धरत नाही. ड्रिलनं विटेत भोक पाडून रॉल प्लग (स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची खुंटी) घाला आणि स्क्रूवर सागवानी टेकू बसवा. दोन टेकू, एक गोळ्याच्या खाली, एक दांड्याला.

रंकाळ्याकाठची : मला तुमच्या मामंजींचं वाचून गलबलून आलं. वहिनी, फोटोंचं सांगते, कारण माझ्या माहेरी हेच केलंय. आधी सगळे उतरवा. नऊच्या नऊ परत लावायचेच असा हट्ट धरू नका. जे राहतील त्यांना एकसारखी बारीक पट्टीची फ्रेम आणि आत पांढरा माउंट, म्हणजे फोटोभोवती पुठ्ठ्याची कड, करून घ्या. फोटो कितीही वेगवेगळ्या काळातले असले तरी एका घरातले दिसायला लागतात. जुना मूळ फोटो फ्रेममध्ये घालू नका. स्कॅन करून त्याची प्रत लावा, मूळ प्रत कोरड्या जागी कागदात ठेवा.

आणि खिळे ठोकायच्या आधी वर्तमानपत्राचे कागद फ्रेमच्या मापाने कापून चिकटपट्टीनं भिंतीवर लावा. दोन दिवस तसेच राहू द्या. येता-जाता बघितलं की आपोआप कळतं कुठं बिघडलंय. सगळ्या फोटोंचा मिळून जो मध्य येतो तो जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर असावा, उभ्या माणसाच्या नजरेला बरोबर येतो. सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर, सोफ्याच्या लांबीच्या दोन तृतीयांश एवढीच रुंदी, दोन फ्रेममध्ये दोन इंच. आपल्याकडे फोटो फार वर लावतात, छताला चिकटल्यासारखे, म्हणून ते आणि सोफा वेगवेगळे वाटतात.

राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. मी त्यांची निसर्गचित्रं बघायला गेले आणि चित्राभोवती मोकळी भिंत किती महत्त्वाची असते ते तिथं पहिल्यांदा लक्षात आलं.

पितळी डबा : गदा चकाकवायला जाल तेव्हा एक सांभाळा. फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी ही युक्ती भरीव चांदीच्या भांड्यांना ठीक. तुमच्या गदेत आत लाकूड असणार, पाण्यात बुडवली तर लाकूड फुगून पत्रा उचलेल. मऊ कापडानं कोरडी पुसा, फार काळी असेल तर गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) कारागिराला दाखवा. उदबत्तीच्या धुरापासून लांब ठेवा. शोकेसमध्ये मेडलांपाशी खडूचे चार तुकडे ठेवा, दमटपणा ओढून घेतात. रबरबँड चांदीला लावू नका, त्यातल्या गंधकानं काळी पडते. घंगाळ चिंच-मिठानं घासा, पण लगेच धुऊन पूर्ण कोरडं करा, नाहीतर हिरवं डाग धरतं.

सुतारपक्षी : एक राहिलं. दिवे बदला. हॉलमध्ये पांढरी ट्यूब असेल तर तांबं-चांदी निस्तेज दिसणार. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब आणा, आणि गदेवर वरून एकच छोटा फोकस सोडा.

*

धागाकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी सांगायला आलेय.

ओल बाहेरच्या पाइपमुळेच होती. दुरुस्तीला अकरा हजार गेले, त्या पैशांचं मला अजिबात वाईट वाटत नाही. ती भिंत सध्या रिकामीच ठेवलीये, पुढचा पावसाळा काढल्यावर रंगाचं बघू.

शोकेस रिकामं करायला पूर्ण रविवार गेला. मामंजींना शेजारी बसवलं आणि एकेक मेडल त्यांच्या हातात दिलं, कुठलं ठेवायचं ते त्यांनीच ठरवावं म्हणून. मला वाटलं होतं सगळीच ठेवा म्हणतील. त्यांनी तेवीसांतली सात बाजूला काढली, बाकीची म्हणाले डब्यात घाल, ती काय, हजेरीची. सात मेडलं आता गडद निळ्या कापडावर मधल्या फळीत आहेत, खाली-वरच्या फळ्या जवळजवळ मोकळ्या. मुलांचे कप त्यांच्या खोलीत गेले. प्लास्टिकची फुलं गेली. घंगाळ दाराजवळ आलं, त्यात पाणी घालून रोज परसातली चार फुलं सोडते.

फोटो पाचच ठेवले. मधला मोठा खासबागेचा. १९१२ मध्ये शाहू महाराजांनी उभारलेलं ते मैदान, चारी बाजूंनी वर चढत गेलेली माणसं आणि मध्ये मातीत दोन एवढीशी माणसं, त्यातले एक आमचे मामंजी. आधीच्या लहान, काळपट फ्रेममध्ये ही गर्दी कधी दिसलीच नव्हती. मोठा करून आणल्यावर पहिल्यांदा दिसली. पुढारीचे कागद भिंतीवर दोन नाही, पाच दिवस होते, आणि तीनदा जागा बदलली.

सोफ्यावरचं चकचकीत कव्हर काढून काळी घोंगडी घडी घालून टाकली. कसर लागू नये म्हणून अधूनमधून उन्हात घालायला लागेल, पण चांदीच्या शेजारी काळा रंग इतका शोभतो की बघत राहावं. एकूण खर्च पाइपसकट एकतीस हजारांच्या आसपास.

गदा साडेचार किलो भरली. सुतार आले, टेकू बसवायला मी नजरेच्या उंचीवर खूण करून दिली होती. मामंजी काठी टेकत आले, खूण बघितली आणि म्हणाले, "एवढी वर कशाला? खाली घ्या. पोरास्नी हात लावता आला पायजे."

म्हणून ती साडेतीन फुटांवर आहे. दांड्याला मागून चामड्याचा एक पट्टा लावून घेतलाय, कुणी ओढली तरी पडणार नाही. काल धाकट्या जावेच्या चार वर्षांच्या मुलानं दोन्ही हातांनी गोळा धरून बघितला, सगळी बोटं उमटली. पुसायला कापड आणलं तर मामंजींनी राहू दे म्हणून सांगितलं.