मेरी महोनी यांनी रुग्णालयात नोकरी का केली नाही?

प्रश्न:
मी परिचर्येच्या तिसऱ्या वर्षात शिकते. मला वर्गात मेरी एलायझा महोनी यांच्यावर टिपण वाचायचे आहे. अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका म्हणून त्या १८७९ साली बोस्टनमध्ये उत्तीर्ण झाल्या, एवढे सगळीकडे सापडते. मात्र इतक्या कष्टाने शिकूनही त्यांनी रुग्णालयात नोकरी न करता लोकांच्या घरी जाऊन शुश्रूषा का केली, हे मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
त्या काळी अमेरिकेतील रुग्णालयांत वॉर्डातील बहुतेक काम शिकाऊ मुलींकडूनच करून घेत, त्यामुळे उत्तीर्ण झालेल्या गोऱ्या परिचारिकाही प्रामुख्याने घरगुती शुश्रूषेकडेच वळत. कृष्णवर्णीय परिचारिकेला तर जे थोडे पर्याय होते, तेही वर्णभेदामुळे बंद होते. महोनींच्या अभ्यासक्रमातील १६ महिन्यांपैकी काही महिनेही रुग्णांच्या घरी काम करण्यासाठी होते.

मला त्यांच्या आयुष्यातील एक बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. श्रीमंत घरांत आजाऱ्याची सेवा करायला आलेल्या परिचारिकेला, विशेषतः ती कृष्णवर्णीय असेल तर, मोलकरीण समजून धुणीभांडी सांगितली जात. म्हणून महोनी नोकरांच्या पंगतीला न बसता स्वयंपाकघरात एकट्याच जेवत. यात कष्टकऱ्यांविषयी तुच्छता होती, असे मला मुळीच वाटत नाही, कारण ज्या ‘न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेन’मध्ये त्या शिकल्या, तिथेच त्यापूर्वी सुमारे १५ वर्षे त्यांनी स्वयंपाक, धुणे आणि साफसफाई केली होती. वयाच्या ३३व्या वर्षी त्यांना प्रवेश मिळाला. पहाटे साडेपाचपासून रात्री साडेनऊपर्यंत काम असे, आणि सुमारे चाळीस मुलींच्या त्या तुकडीतून अवघ्या चौघी पार पडल्या.

प्रतिसाद २:
वरील माहितीला एक जोड देतो. त्यांचे कार्य केवळ रुग्णसेवेपुरते नव्हते. मार्था फ्रँकलिन या कृष्णवर्णीय परिचारिकेच्या पुढाकाराने १९०८ साली कृष्णवर्णीय पदवीधर परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अधिवेशन पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये भरले, तेव्हा स्वागतपर भाषण महोनींनी केले, आणि संघटनेने त्यांना आजीव सदस्यत्व दिले. पुढे १९११ साली त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड बेटावरच्या, कृष्णवर्णीय मुलांसाठीच्या हॉवर्ड अनाथाश्रमाची जबाबदारीही सांभाळली. अमेरिकेत १९२० साली स्त्रियांना मताधिकार मिळाला, त्या वेळी बोस्टनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या पहिल्या स्त्रियांत पंचाहत्तर वर्षांच्या महोनी होत्या.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. टिपणाची सुरुवात मी १८७९ सालापासून करणार होते. आता त्या धुणे धुण्याच्या पंधरा वर्षांपासून करीन.